गुरू सिंहेत रेंगाळतो, त्याची भूमिती

सिंहस्थ, म्हणजे गुरू सिंहेत असतानाचा कुंभमेळा, बारा वर्षांनी येतो, हे नाशकात कोणीही सांगेल. आकडा ढोबळ आहे. गुरूची सूर्याभोवतीची फेरी ११.८६ वर्षांत पुरी होते, म्हणजे बारा वर्षांना पन्नासेक दिवस कमी. पण नाशिकच्या रामकुंडावर सिंहस्थाच्या आरंभाचा मागचा ध्वज चढला १४ जुलै २०१५ ला आणि पुढचा ठरलाय ३१ ऑक्टोबर २०२६ ला. पन्नास दिवसांनी एवढा फरक पडत नाही.

आधी गुरूची वाट पाहू. फळीवर दोन खिळे ठोका, मीटरभर दोऱ्याची टोकं त्यांना बांधा आणि पेन्सिलीने दोरा ताणून फिरवा. पेन्सिल कुठेही असो, दोन्ही खिळ्यांपासूनच्या तिच्या अंतरांची बेरीज दोऱ्याइतकीच राहते. लंबवर्तुळाची व्याख्या एवढीच; खिळ्यांच्या जागा म्हणजे त्याच्या नाभी. गुरूची कक्षा हवी तर खिळ्यांमध्ये पाच सेंटिमीटरला जरा कमी अंतर ठेवा. निघालेली आकृती बघून तुम्ही म्हणाल, हे तर वर्तुळच! लांबी एक मीटर आणि रुंदी त्याहून जेमतेम सव्वा मिलिमीटर कमी. पाठ्यपुस्तकातली चपटी कक्षा ही चित्रकाराची मेहेरबानी. सूर्य मात्र मध्यावर नसतो. तो एका खिळ्यावर, मध्यापासून जवळपास अडीच सेंटिमीटर सरकलेला. खरी गंमत या सरकण्यात आहे.

त्यामुळेच गुरू सूर्यापासून कधी ७४ कोटी किलोमीटरवर असतो, तर कधी जवळपास ८२ कोटींवर. ग्रह सूर्याजवळ झपाझप आणि दूर असताना सावकाश चालतो, हे केप्लरने १६०९ मध्ये मंगळाच्या नोंदींवरून मांडलं. गुरूचा दूरचा बिंदू सध्या आपल्या कन्या राशीत पडतो, म्हणजे सिंहेच्या शेजारी. सूर्यावरून पाहिलं तर मीनेचे ३० अंश तो अकरा महिन्यांत उरकतो; सिंहेचे तेवढेच अंश कापायला त्याला सुमारे तेरा महिने लागतात.

आपण मात्र पाहतो पृथ्वीवरून, आणि ती स्वतःच फिरते आहे. ती गुरूला मागे टाकून पुढे जाते तेव्हा तो उलटा चालल्यासारखा, वक्री दिसतो. या खेपेला तो सिंहेत डोकावून कर्केत परतणार, पुढे कन्येत जाऊन पुन्हा सिंहेत येणार. म्हणून ध्वज लवकर आणि समाप्ती थेट २४ जुलै २०२८ ला. पावणेदोन वर्षांचा सिंहस्थ!

ते पन्नास दिवसही वाया जात नाहीत. सात फेऱ्यांत त्यांचं जवळजवळ अख्खं वर्ष होतं. हरिद्वारच्या कुंभमेळ्याला गुरू कुंभेत लागतो. त्यामुळेच तिथला २०१० नंतरचा कुंभ २०२१ मध्ये, अकराव्याच वर्षी भरला.