प्रसूतिपूर्व कळा आणि दवाखान्याचे अंतर

दिवस भरत आलेल्या कित्येक स्त्रियांना प्रत्यक्ष प्रसूतीपूर्वी काही दिवस कळा येतात व विरून जातात. व्यवहारात यांस ‘खोट्या कळा’ म्हणतात. हे नाव अन्वर्थक नाही. गर्भाशयाचे स्नायू खरोखरच आकुंचन पावत असतात व वेदनाही खरीच असते. मात्र गर्भाशयाचे मुख उत्तरोत्तर उघडत नाही. गर्भारपणातील अशा आकुंचनांचे वर्णन जॉन ब्रॅक्स्टन हिक्स या इंग्रज वैद्याने १८७२ मध्ये केले.

प्रसूतीच्या कळा क्रमाने जवळ येतात, लांबतात व तीव्र होतात. विश्रांतीने त्या थांबत नाहीत. पूर्वकळा अनियमित असतात आणि झोप, पाणी किंवा कूस बदलणे यांनी बहुधा ओसरतात. तथापि हा भेद नेहमीच स्पष्ट नसतो. प्रसूतीचा आरंभीचा टप्पाही संथ असतो. पहिलटकरणीत तो वीस तासांपर्यंत चालू शकतो, असे फ्रीडमन यांनी १९५० नंतरच्या दशकात दाखविले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सक्रिय प्रसूतीचा आरंभ गर्भाशयमुख पाच सेंटिमीटर उघडल्यापासून मानला. निर्णायक पुरावा तपासणीचाच होय.

या काळात शक्ती राखणे हे मुख्य उद्दिष्ट असावे. हलका आहार, पुरेसे पाणी, कोमट पाण्याने स्नान, थोडे चालणे, दोन कळांमध्ये निद्रा आणि विश्वासाच्या स्त्रीची सोबत एवढे बहुधा पुरते. परंतु रक्तस्राव, पाणमोट फुटणे, बाळाची हालचाल मंदावणे, तीव्र डोकेदुखी, दृष्टी अंधुक होणे, अथवा सदतीस आठवड्यांपूर्वी नियमित कळा येणे यांपैकी काहीही घडल्यास वाट पाहू नये.

‘कळा नियमित होईपर्यंत घरीच थांबा’ हा प्रचलित सल्ला दवाखाना जवळ आहे असे गृहीत धरतो. नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांच्या सातपुड्यातील पाड्यांवर हे गृहीतक टिकत नाही. तेथे गर्भवतीला बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत न्यावे लागल्याचे प्रसंग घडले आहेत. नर्मदेच्या जलाशयाकाठच्या काही गावांना होडीचाच आधार असतो. लवकर निघालेली स्त्री ‘अजून वेळ आहे’ म्हणून परत पाठविली गेली, तर दुसऱ्या खेपेस ती निघण्यास कचरेल. आणि ती खेप खरी असू शकते.

महाराष्ट्र शासनाने आदिवासी भागांसाठी २०१०-११ च्या सुमारास सुरू केलेल्या ‘माहेरघर’ योजनेचे मर्म येथे कळते. अपेक्षित तारखेपूर्वी काही दिवस गर्भवतीने सोबतिणीसह आरोग्य केंद्राजवळ राहावयाचे, ही तिची कल्पना. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाण्याची रूढी त्या नावामागे आहे. परंतु घरची मुले, शेत व मजुरी मागे ठेवून थांबणे सोपे नाही. म्हणून पूर्वकळांनी आलेल्या स्त्रीस ‘खोट्या कळा’ म्हणून परत न धाडता ‘कळा विरल्या, तरी येथेच थांबा’ असे सांगणे व थांबण्याची सोय करणे, हाच त्यांवरील खरा उपचार होय.