त्रिकोणी शेताचा 'मध्य' नेमका कुठे? नववीतला कोनदुभाजक इथे कामी येतो

तेल्हारा तालुक्याच्या उत्तरेला सातपुडा आणि वान धरण, तर दक्षिणेला पूर्णेच्या बाजूने खारपाणपट्टा. तिथे विहिरीचं पाणीही खारट. अशा भागात गोडं पाणी वाया घालवणं परवडत नाही. तेच पाणी शेजाऱ्याच्या कपाशीत गेलं, तर धुऱ्यावरचं भांडण ठरलेलं!

समजा, इथे एक त्रिकोणी शेत आहे. धुरे ६०, ८० आणि १०० मीटरचे. क्षेत्र २४०० चौरस मीटर, म्हणजे जवळपास २४ गुंठे. गोल फिरणारी एकच रेनगन लावायची आहे. कुठे उभी कराल?

'मधोमध' असं उत्तर लगेच येतं. पण मध्य कशाचा? तीन कोपऱ्यांपासून सारखं अंतर की तीन धुऱ्यांपासून? हे दोन वेगळे बिंदू आहेत.

कोपऱ्यांपासून समदूर बिंदू हवा असेल तर बाजूंचे लंबदुभाजक काढतात. आपल्या शेतात ६० आणि ८० मीटरचे धुरे काटकोनात आहेत. त्यामुळे हा बिंदू थेट १०० मीटरच्या धुऱ्याच्या मध्यावर येतो. रेनगन तिथे लावली तर निम्मं पाणी शेजाऱ्याला!

आपल्याला हवा आहे धुऱ्यांपासून समदूर बिंदू, आणि तो कोनदुभाजकावर सापडतो. कोनदुभाजक म्हणजे कोनाचे दोन सारखे भाग करणारी रेषा. तिच्यावरच्या कुठल्याही बिंदूपासून दोन्ही धुऱ्यांवर लंब टाका. दोन काटकोन त्रिकोण तयार होतात. त्यांचा कर्ण एकच आणि कोपऱ्यातला कोनही सारखा. म्हणून दोन्ही त्रिकोण एकरूप आणि दोन्ही लंब समान. नववीच्या गणित भाग २ मधलं कोनदुभाजकाचं प्रमेय ते हेच. (दहावीत बाजूंच्या गुणोत्तराचं प्रमेयही जवळपास याच नावाने येतं. मुलं गोंधळली तर नवल नाही.)

शेतात हे दोरीने जमतं. एका कोपऱ्यापासून दोन्ही धुऱ्यांवर सारखं अंतर मोजून खुंट्या ठोका. दोन्ही खुंट्यांपासून तेवढ्याच लांबीच्या दोऱ्या आत ताणा. त्या जिथे मिळतील तिथून कोपऱ्यापर्यंतची सरळ रेषा म्हणजे कोनदुभाजक. दुसऱ्या कोपऱ्यातही असंच करा. दोन रेषा छेदतील तीच जागा. तिसरा दुभाजकही तिथूनच जातो, कारण तो बिंदू आता तिन्ही धुऱ्यांपासून समदूर झालेला असतो. युक्लिडच्या चौथ्या पुस्तकात त्रिकोणातलं वर्तुळ असंच काढलं आहे.

अंतर किती? क्षेत्रफळाची दुप्पट भागिले परिमिती: ४८०० भागिले २४०, म्हणजे २० मीटर. रेनगनचा फेक एवढाच ठेवला, तर पाणी तिन्ही धुऱ्यांना टेकेल, पण ओलांडणार नाही. वारा सुटला तर गोष्ट वेगळी.

मात्र एवढ्यात अख्खं शेत भिजत नाही. २० मीटर त्रिज्येचं वर्तुळ साधारण १२५७ चौरस मीटर व्यापतं, जेमतेम निम्मं शेत. तिन्ही कोपरे कोरडे राहतात. तिथे लहान स्प्रिंकलर लावावे लागतील. त्यांची जागाही त्याच दुभाजकावर, कोपऱ्याकडे थोडं सरकून.