झोत जिथे जिरतो
अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूज इथे जेफरसन लॅबची प्रयोगदालनं गवताने झाकलेल्या उंचवट्यांखाली आहेत. पाहुण्यांचं लक्ष त्या दालनांकडे जातं. मी पाहत होतो त्यातल्या ‘हॉल ए’ या दालनामागची साधी, सपाट जमीन. म्यूऑन नावाचे कण तयार होतात ते तिथे, मातीखाली.

या लॅबमधला त्वरक इलेक्ट्रॉनांचा. लांबट गोल बोगद्यात एका फेरीत इलेक्ट्रॉनला सुमारे 2.2 अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मिळते. पाच फेऱ्यांत ती 11 अब्जांच्या आसपास जाते. दालनातल्या लक्ष्यावर त्यातले मोजकेच इलेक्ट्रॉन कामी येतात. उरलेला झोत मागच्या ‘बीम डंप’मध्ये, पाण्याने थंड ठेवलेल्या ॲल्युमिनियममध्ये जिरवतात.

जिरताना इलेक्ट्रॉन अणुकेंद्राजवळ वळतो आणि फोटॉन सोडतो. फोटॉनची ऊर्जा 21 कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वर असली, तर त्यातून म्यूऑन आणि प्रतिम्यूऑनची जोडी जन्मू शकते. असं क्वचितच घडतं. पण 50 मायक्रोअँपिअरच्या झोतात सेकंदाला सुमारे 300 लाख कोटी इलेक्ट्रॉन येतात, त्यामुळे क्वचित घडणारंही भरपूर घडतं.

पुढचं काम काँक्रीट आणि माती करतात. इलेक्ट्रॉन, फोटॉन लवकर अडतात. इलेक्ट्रॉनच्या 207 पट जड असलेला म्यूऑन काँक्रीटमध्ये मीटरमागे जेमतेम 0.4 अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट गमावतो आणि पुढे निघतो. ही गाळणी कुणी मुद्दाम बसवलेली नाही. ती किरणोत्सारापासून संरक्षणासाठीच होती.

डंपमागे जमिनीत उभे पाइप रोवून शास्त्रज्ञांनी आत कण टिपणारे शोधक सोडले. 10.6 अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या झोताचे म्यूऑन तिथवर पोहोचलेले दिसले. नंतर त्याच जागी ‘बीडीएक्स-मिनी’ प्रयोगात कृष्णपदार्थाचा शोध घेतला, तेव्हा म्यूऑनांची अडचण नको म्हणून एकाच फेरीचा, 2.176 अब्जांचा झोत वापरला. त्याचे म्यूऑन मातीतच थांबले.

एका प्रयोगाने टाळलेले हे कण दुसऱ्या प्रयोगाचं साधन होऊ शकतात. त्यांची ऊर्जा एकसारखी नसते आणि धन-ऋण भार मिसळलेले असतात. ते निवडायला चुंबक आणि काटेकोर मोजणी लागेल. पण मुख्य प्रयोगाचा एकही इलेक्ट्रॉन त्यासाठी खर्च होत नाही. म्हणून मला ठामपणे वाटतं, की नवा इलेक्ट्रॉन-त्वरक आखताना डंपमागची जागा पहिल्या नकाशापासूनच प्रयोगांसाठी राखली पाहिजे.