ड्वार्फ जादूगार कधी झाला?

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या नव्या नियमांवर एक तक्रार हमखास ऐकू येते: पूर्वी कसं, एल्फ म्हणजे एल्फ आणि ड्वार्फ म्हणजे ड्वार्फ, हे बदलाचं खूळ आत्ताचं. पण हा भूमिका-खेळ १९७४ पासूनचा आहे, आणि तेव्हापासून त्यातले वंश एका जागी कधी थांबलेच नाहीत.

पहिल्या पुस्तिकांत हाफलिंगच नव्हता, टोल्किनचा हॉबिट होता. टोल्किनच्या हक्कदारांनी कायद्याचा धाक दाखवल्यावर पुढच्या छपाईत त्याचं नाव बदलून हाफलिंग झालं. चित्रविचित्र पात्रं नव्या पिढीने घुसवली म्हणावं, तर त्याच पुस्तिकांत ड्रॅगन होऊन खेळायलाही मुभा होती. अट एवढीच की सुरुवात कोवळ्या ड्रॅगनपासून करायची.

वंश हाच पेशा, हा मूळ नियम असंही अनेकांना वाटतं. पण १९७८ च्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये वंश आणि क्लास, म्हणजे पेशा, वेगवेगळे निवडायचे होते. ‘एल्फ’ हाच क्लास असलेला सुटसुटीत बेसिक संच १९८१ चा. दोन्ही पद्धती वर्षानुवर्षं शेजारी शेजारी चालल्या.

सगळ्यात चिवट गैरसमज लेव्हलच्या मर्यादेचा. १९७४ मध्ये ड्वार्फ फक्त योद्धा होऊ शके, तोही सहाव्या लेव्हलपर्यंत. हॉबिट चौथीवरच अडायचा. त्यांच्या अंगच्या गुणांचा हा हिशेब होता, असं अजून सांगितलं जातं. पण खेळातलं जग माणसांचंच राहावं, ही खेळाचे एक जनक गॅरी गायगॅक्स यांची इच्छा होती आणि ती त्यांनी १९७९ च्या ‘डन्जन मास्टर्स गाइड’मध्ये उघड मांडली. एल्फला अंधारात दिसतं, ड्वार्फ विषाला पुरून उरतो. मग माणूस निवडायचा कशाला? उत्तर म्हणून इतरांना वर छत घातलं. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीने ते छत काढलं आणि माणसालाच एक जास्तीचं फीट, म्हणजे खास क्षमता, व जादा कौशल्यगुण दिले. ड्वार्फ जादूगार झाला तो तेव्हा. इतरांचे पाय बांधण्यापेक्षा माणसाला बळ देणं, यापेक्षा शहाणा बदल या खेळात मला दिसत नाही.

टीफलिंग आणि ड्रॅगनबॉर्न हे वंश २००८ मध्ये जन्मले, हेही खरं नाही. टीफलिंग १९९४ च्या ‘प्लेनस्केप’मधला आणि ड्रॅगनबॉर्न २००६ चा, २००८ मध्ये त्यांना मुख्य पुस्तकात जागा मिळाली. त्याच वेळी नोम आणि हाफ-ऑर्क पुढच्या वर्षापर्यंत बाहेर राहिले. हाफ-ऑर्कला हे नवं नव्हतं, १९८९ च्या मुख्य पुस्तकातूनही त्याला वगळलं होतं.

२०२४ च्या नव्या नियमांनी वंशाला चिकटलेले क्षमतांचे जादा गुण एका झटक्यात काढले, हा आरोपही अर्धवट. ते हवे तिथे वळवण्याची सोय २०२० च्या ‘टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’नेच दिली होती. २०२४ मध्ये ते पात्राच्या पार्श्वभूमीशी जोडले गेले, ‘रेस’ऐवजी ‘स्पीशीज’ आलं, ऑर्क पूर्णपणे आत आला, आणि हाफ-एल्फ व हाफ-ऑर्क यादीतून गेले. मात्र जुन्या पुस्तकातला हाफ-एल्फ नव्या नियमांत कसा खेळायचा, हे नव्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्येच दिलेलं आहे.