दलदल खणण्याआधी
आयर्लंडमध्ये 1975 साली कोलंबा मॅकव्हे या तरुणाला आयआरए या सशस्त्र संघटनेने मारून गुपचूप पुरलं. मोनाहन परगण्यातल्या ब्रॅगनच्या दलदलीत त्याचा शोध अनेकदा झाला, पण तो सापडला नाही. आई व्हेरा वाट पाहतच गेली. अशा ‘बेपत्तां’च्या शोधासाठी ब्रिटिश आणि आयरिश सरकारांनी 1999 मध्ये आयोग नेमला. मग दलदल खणण्याआधी पर्यावरणीय छाननी कशाला, पक्षी आणि शेवाळ माणसापेक्षा मोठे का, असा प्रश्न येतो. तो रास्त आहे. माझं उत्तर असं की इथे दोन्ही बाजूंचा राखणदार एकच आहे: पाणी.

पीट म्हणजे पाण्यात अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा थर. तो वर्षाला जेमतेम 1 मिलिमीटर वाढतो, म्हणजे मीटरभर खड्ड्यात हजारेक वर्षं उपसली जातात. हवा आत जात नाही म्हणून कार्बन अडकून राहतो, आणि कपडे, कातडीही टिकते. चर आंधळेपणाने काढला की पाणी उतरतं, पीट भेगाळतो, गाळ ओढ्यात जातो आणि न सापडलेला पुरावाही कुजू लागतो. यंत्र कुठून न्यायचं, पाणी कुठे सोडायचं, पक्ष्यांची घरटी कुठे आहेत, वरचा हिरवा थर वेगळा ठेवून परत कसा बसवायचा, हे छाननीत आधीच ठरतं. उशीर होईल म्हणाल, तर माहितीची जुळवाजुळव चालू असतानाच ही पाहणी उरकता येते.