गहाण पडलेल्या बंदुका

अमेरिकेतल्या लहान गावांत, विशेषतः दक्षिणेकडे, बंदूक ही कष्टकरी घरातली अडीनडीची पुंजी आहे. आपल्याकडे हात आखडला की बांगड्या सावकाराकडे जातात, तिकडे हरणाच्या शिकारीची रायफल पॉनशॉपमध्ये जाते. हंगाम सरला की गहाण, पुढचा सुरू व्हायच्या आत सोडवायची. व्याज जबर. टेक्सासात छोट्या कर्जावर कायद्यानेच महिना 20 टक्क्यांपर्यंत व्याज घेता येतं. तरी बहुतेक जण आपली वस्तू सोडवतात. ज्यांना जमत नाही, त्यांची रायफल काउंटरमागच्या रॅकवर विक्रीला लागते. स्वस्तातली जुनी बंदूक शोधणारं गिऱ्हाईक तिथे येतं ते या दुसऱ्या माणसाच्या अडचणीमुळे, हे मला कधी विसरता येत नाही.

1968पूर्वी हा व्यवहार जवळजवळ मोकळा होता. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडींच्या हत्येतली इटालियन रायफल 1963 साली शिकागोच्या एका दुकानातून टपालाने मागवलेली होती. मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्यांनंतर ऑक्टोबर 1968मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी बंदूक नियंत्रण कायद्यावर सही केली. टपालाने होणारी विक्री थांबली, प्रत्येक नव्या बंदुकीवर अनुक्रमांक सक्तीचा झाला आणि बंदुका गहाण घेणाऱ्या दुकानदाराला केंद्र सरकारचा परवाना घ्यावा लागू लागला. जुन्या .22 रायफलींवर आजही कधी कधी क्रमांक सापडत नाही. त्या चोरीच्या असतीलच असं नाही. त्या काळात क्रमांक घालायची सक्तीच नव्हती.

जुन्या मालाचा सुकाळ आला तो 1980 नंतर. 1986मध्ये मायामीत एफबीआयच्या माणसांची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली, दोन अधिकारी मारले गेले, आणि पोलीस खात्यांचा सहा गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरवरचा भरवसा उडत गेला. खात्यांनी पिस्तुलं घेतली, रिव्हॉल्व्हर मोडीत दिली. स्मिथ अँड वेसनचं मॉडेल 10 अशा रीतीने बाजारात भरपूर आलं. चामडी म्यानात वर्षानुवर्षं घासून बाहेरची काळी झिलई उडालेली, पण आतून जवळजवळ नवं. पोलिसाने ते रोज कमरेला लावलं, झाडलं मात्र क्वचित. म्हणून जाणता माणूस झिलईकडे बघतच नाही. रिव्हॉल्व्हर रिकामं असल्याची खात्री करून घेतो, दुकानदाराला विचारून घोडा चढवतो, सिलिंडर बोटांनी हलवून किती डुगडुगतो ते पाहतो, नळीत उजेड टाकतो, आणि स्क्रूंची डोकी निरखतो. ती झिजलेली असली तर आत कुणीतरी अनाडी हात घातला आहे.

नोव्हेंबर 1993मध्ये ब्रेडी कायदा झाला आणि 1998पासून परवानाधारकाकडच्या खरेदीआधी गिऱ्हाइकाची पूर्वनोंद फोनवर किंवा संगणकावर तपासली जाऊ लागली. गहाणाच्या बंदुकीला यात वेगळीच वागणूक मिळाली. स्वतःचीच बंदूक सोडवतानाही मालकाला फॉर्म 4473 भरावा लागतो आणि तपासणीतून जावं लागतं. एफबीआयच्या मासिक आकड्यांत त्यासाठी वेगळा रकानाच असतो. मधल्या काळात घरगुती हिंसाचाराचा गुन्हा सिद्ध झाला असेल तर पैसे मोजूनही बंदूक परत मिळत नाही. मला हा नियम योग्य वाटतो. पॉनशॉप म्हणजे चोरांचा अड्डा, ही समजूत सिनेमांनी पसरवली; पण अनेक राज्यांत शेजाऱ्याकडून बंदूक विकत घेताना अशी कुठलीच तपासणी नसते. त्या मानाने पॉनशॉपचा काउंटर कडक.

स्वस्ताई संपवली ती इंटरनेटने. 1999मध्ये गनब्रोकर हे लिलावाचं संकेतस्थळ निघालं आणि दुकानदाराला बसल्या जागी कळू लागलं की 1964पूर्वीची विंचेस्टर मॉडेल 94 देशभर काय भावाने जाते. 2009पासून ‘पॉन स्टार्स’ या टीव्ही मालिकेने अडगळीत खजिना असतो हे घरोघर पोचवलं. पुढे 2020मध्ये, साथीच्या वर्षात, मागणीही वाढली; पूर्वनोंदीच्या तपासण्यांचा आकडा 3 कोटी 97 लाखांच्या घरात गेला.

तरी जुन्याचा मान टिकला, आणि त्याला कारण आहे. मार्लिन कंपनी 2007मध्ये रेमिंग्टनकडे गेली आणि तिच्या लिव्हरवाल्या रायफलींचं काम घसरलं. तेव्हापासून लोक नळीवर ‘जेएम’ हा जुना शिक्का शोधतात. पण जुनी म्हणजे चांगलीच, असंही नाही. रेमिंग्टन 700 ही 1962पासूनची लोकप्रिय रायफल. तिच्या जुन्या बनावटीच्या चापाला हात न लावता गोळी सुटल्याच्या तक्रारींवर वर्षानुवर्षं खटले चालले. चाप फुकट बदलून द्यायची तडजोड झाली, आणि 2020मध्ये कंपनीच दिवाळखोरीत तुकड्यांनी विकली गेली. न बदललेल्या चापाच्या रायफली अजून हातोहात फिरत आहेत. रॅकवर अशी एखादी दिसली, तर बंदुकीच्या कारागिराकडून चाप तपासून घेईपर्यंत तिच्यात काडतूस भरू नये.