आवाज जपणारी पेटी

तोंडातून निघालेला शब्द हवेत विरून जातो. त्याला धरून ठेवणारी पेटी विसाव्या शतकाच्या अखेरीस नांदेड-लातूरकडील अनेक घरांत आली. तिच्यात रेडिओ, कॅसेट व सीडी ही तीन साधने एकत्र असतात. परंतु प्रत्येकाची रीत निराळी.

रेडिओ आकाशवाणीच्या नांदेड केंद्रासारख्या केंद्रांवरून येणाऱ्या लहरी टिपून ऐकवितो. स्वतः काही साठवीत नाही. वीज गेली, तरी सेलवर तो चालू राहतो.

कॅसेट फिलिप्स कंपनीने १९६३ साली प्रथम लोकांपुढे आणली. तिच्यातील फितीवर चुंबकीय भुकटीचा पातळ थर असतो. आवाज त्यावर चुंबकत्वाच्या रूपाने उमटतो. सीडी १९८२ साली बाजारात आली. तिच्यावरील सूक्ष्म खळगे लेसरचा किरण स्पर्श न करता वाचतो. त्यामुळे सीडी वाजवून झिजत नाही. मात्र ओरखड्यांपासून तिला जपावे लागते.

कॅसेटचा एक गुण मोठा, आणि धोकाही त्यातच आहे. घरातील आजी जात्यावरची ओवी म्हणू लागली, की ध्वनिमुद्रणाचे बटण दाबून ती टिपता येते. परंतु त्याच फितीवर कोणी पुन्हा ते बटण दाबले, तर यंत्र आधी जुना आवाज पुसते आणि मग नवा उमटविते. पुसलेली ओवी परत मिळत नाही. म्हणून कॅसेटच्या मागील कडेवर प्लॅस्टिकच्या दोन लहान पट्ट्या ठेवलेल्या असतात. त्या मोडल्या, की ध्वनिमुद्रणाचे बटण दाबलेच जात नाही. उन्हाळ्यात कॅसेट उन्हात व लोहचुंबकाजवळही ठेवू नये.

आजी नसेल, तेव्हाही तिचा आवाज घरात राहावा, यासाठी एवढी काळजी पुरेशी आहे.